गळकी ड्रायझे जिंकली, सरस शास्पो हरली: पहिल्या बोल्ट-ॲक्शन रायफलींची खरी कामगिरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका बलाढ्य जर्मन राज्याच्या, ड्रायझे रायफलीतून मागच्या बाजूने गॅस निसटायचा आणि तिचा पल्ला ऑस्ट्रियाच्या ठासणीच्या रायफलीपेक्षाही कमी होता, तरी १८६६ मध्ये प्रशिया जिंकला. चार वर्षांनी फ्रेंचांच्या हातात दुप्पट पल्ल्याची शास्पो होती, तरी ते त्याच प्रशियाकडून हरले. मग रायफलीच्या कामगिरीला लढाईत काही अर्थ असतो का? आणि आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री या घराण्यात नेमकी कुठे बसते?

अर्थ असतो, पण तो पल्ल्याच्या आकड्यात शोधू नका. मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, पुढे पोलिसांच्या शस्त्रागारांतली हत्यारं तपासायचं काम केलं. दुरुस्तीच्या टेबलावरून पाहिलं तर बोल्ट-ॲक्शनची, म्हणजे दांडीचा बोल्ट सरकवून मागून भरायच्या रायफलीची, पहिली पन्नास वर्षं दोन प्रश्नांभोवती फिरतात. रायफल भरताना सैनिक उभा असतो की आडवा? आणि बार उडतो त्या क्षणी नळीचं मागचं तोंड किती घट्ट बंद राहतं? ड्रायझेने पहिला प्रश्न सोडवला आणि दुसऱ्यात ती कच्चीच राहिली. शास्पोने दुसराही बऱ्यापैकी सोडवला. ती हरली ते रायफलीच्या हद्दीबाहेरच्या कारणांनी.

निकोलाउस ड्रायझे हा थुरिंगियातल्या झ्यॉमर्डा गावचा, कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा. नेपोलियनच्या काळात तो पॅरिसला पाउली नावाच्या स्विस बंदूककाराकडे काम करत होता. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच काडतुसात बसवून मागून भरायची बंदूक पाउलीने १८१२ मध्येच करून दाखवली होती, पण तिला मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही. ड्रायझे ती कल्पना डोक्यात घेऊन गावी परतला आणि वर्षानुवर्षं खटपट करून त्याने मागून भरायची, सुईने पेटणारी बंदूक उभी केली. प्रशियाने ती १८४१ मध्ये स्वीकारली. कागदोपत्री तिचं नाव ठेवलं ‘हलकी पर्कशन बंदूक’, म्हणजे बाहेरच्याला वाटावं की ही नेहमीचीच, ठिणगीची टोपी बाहेरून बसवायची बंदूक आहे.

तिचं काडतूस समजलं की तिचे गुणदोष आपोआप समजतात. बाहेरून कागदाची नळी. आत तळाशी काळी दारू. दारूच्या पुढे दाबलेल्या कागदाच्या लगद्याची एक वाटी, तिच्यात अंड्याच्या आकाराची शिशाची गोळी. पेटवणारा मसाला त्या वाटीच्या बुडाला, म्हणजे दारूच्या पुढच्या टोकाला. त्यामुळे फायरिंग पिन आजच्यासारखी आखूड असून भागत नव्हतं. चाप ओढला की लांब, बारीक सुई कागद फोडून सगळ्या दारूतून आरपार जायची आणि मसाल्यावर आदळायची. नळीचा व्यास १५.४ मिलिमीटर, पण गोळी त्याहून बारीक. नळीतल्या खाचा ती कागदी वाटीच पकडायची आणि गोळीला फिरवत बाहेर न्यायची.

भरायची रीत अशी. आधी अंगठ्याने मागची कमान दाबून सुईचं घर मागे ओढायचं, म्हणजे सुई बोल्टच्या आत जाते. मग दांडी वर उचलून बोल्ट मागे. काडतूस आत. बोल्ट पुढे, दांडी उजवीकडे खाली, गरज पडली तर तळहाताने एक दणका. शेवटी सुईचं घर पुढे ढकलायचं की कमान ताणली जाऊन रायफल तयार. आजच्या बोल्टपेक्षा दोन कामं जास्त, पण गज नाही, टोपी नाही आणि उभं राहायची गरज नाही.

आता गळतीचं. नळीचं मागचं टोक निमुळतं घासलेलं आणि बोल्टच्या तोंडाला त्यावर बसणारी तशीच खोलगट कड. लोखंडावर लोखंड, मध्ये दुसरं काही नाही. नवीन असताना हा सांधा बऱ्यापैकी बसायचा. शे-दोनशे बार झाले, जळलेल्या दारूचं मीठ चढलं, कड झिजली की फट पडायची. सांध्याचा उतार असा ठेवला होता की गॅस निसटलाच तर पुढच्या दिशेने जावा, त्यामुळे सैनिकाचा डोळा सहसा वाचायचा. पण गालापाशी फुस्सकन गरम झोत येणाऱ्या रायफलीवर कोण गाल टेकवून नेम धरणार? अनेक जण कमरेवरूनच बार उडवायचे. सुईचं दुखणं वेगळंच. दर बाराला ती जळत्या दारूच्या मधोमध, त्यामुळे गंजायची, ठिसूळ व्हायची, मोडायची. सैनिकाच्या पिशवीत जास्तीची सुई असायचीच आणि ती हत्याराशिवाय बदलता यायची. मला विचाराल तर ड्रायझेचं सगळ्यात मोठं कौशल्य इथे आहे. जो भाग मोडणार हे त्याला माहीत होतं, तो त्याने शिपायाच्या हाताने, मैदानात बदलता येईल असा केला.

गळती म्हणजे नुसता त्रास नव्हे, ती ताकदही खाते. मागून निसटलेला गॅस गोळीला ढकलत नाही. ड्रायझेची गोळी सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास निघायची आणि ६०० मीटरपुढे तिचा भरवसा नव्हता. समोर ऑस्ट्रियाची १८५४ ची लोरेन्झ, १३.९ मिलिमीटरची, ठासणीची, पण खाचांची आणि कागदावर बरीच लांब मारणारी.

तरी ऑस्ट्रियाची धूळधाण का झाली? ठासणीची बंदूक भरताना सैनिकाला काय काय करावं लागतं ते डोळ्यांपुढे आणा. बंदूक उभी धरायची, काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी ठेवायची, गज काढून ठासायची, गज परत खोचायचा, मग टोपी बसवायची. मिनिटाला दोन, फार तर तीन बार. आणि हे सगळं उभ्याने, किंवा कसंबसं गुडघ्यावर. झोपून जवळजवळ अशक्य. ड्रायझेवाला मात्र बांधाआड पोटावर पडून, डोकंही वर न काढता, मिनिटाला पाच-सहा बार सहज टाकायचा. तयारीचा माणूस दहा-बारापर्यंत जायचा. म्हणजे एकाचं अख्खं शरीर लक्ष्य आणि दुसऱ्याची फक्त टोपी दिसते. इथे पल्ल्याचा हिशेब कोलमडतो.

हे पहिल्यांदा उघड्यावर दिसलं ते १८६४ मध्ये डेन्मार्कच्या युद्धात. ३ जुलैला उत्तर जटलंडमधल्या लुंडबी गावाजवळ सुमारे १६० डेन सैनिक संगिनी लावून प्रशियाच्या सव्वाशेच्या आसपास शिपायांवर चालून गेले. प्रशियन बांधामागे थांबले, डेन अगदी जवळ येईपर्यंत गप्प राहिले आणि मग फैरी झाडल्या. काही मिनिटांत डेन तुकडीतले निम्म्याच्या आसपास लोक पडले किंवा पकडले गेले. प्रशियाचे तीन जखमी. लढाई चिमुकली होती, पण ज्यांनी तिचा अहवाल नीट वाचला त्यांना पुढचं दिसायला हवं होतं.

व्हिएन्नात तो कुणी मनावर घेतला नाही. त्याचं कारण मूर्खपणा नव्हतं, ताजा अनुभव होता. १८५९ मध्ये इटलीत फ्रेंचांनी ऑस्ट्रियाच्या लोरेन्झवाल्या फौजेवर संगिनींनी धाव घेतली आणि ती धाव यशस्वी झाली. लोरेन्झची जड, संथ गोळी कमानीसारखी उंच जाऊन खाली येते. अंतराचा अंदाज शे-दीडशे पावलांनी चुकला तर ती डोक्यावरून जाते. त्यासाठी अंतर ओळखायला आणि साइट (नळीवरची नेमाची पट्टी) बदलायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी काडतुसं खर्चावी लागतात. ऑस्ट्रियन शिपायाला सरावाला वर्षाकाठी वीसेक काडतुसं मिळायची, प्रशियनाला शंभरच्या घरात. न शिकवलेल्या माणसाच्या हातातली लांब पल्ल्याची रायफल म्हणजे वरून जाणाऱ्या गोळ्या. ऑस्ट्रियाने यातून धडा घेतला तो असा की गोळीबारात वेळ घालवू नका, दाट रांगा करून थेट धाव घ्या. फ्रेंचांची युक्ती उचलली, पण ती कुणावर चालवायची हे पाहिलं नाही.

ट्राउटेनाउची लढाई याचा नमुना आहे. २७ जून १८६६ ला गाब्लेन्झच्या ऑस्ट्रियन कोअरने (काही डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यविभागाने) प्रशियनांना मागे रेटलं. मैदान ऑस्ट्रियाचं, विजय ऑस्ट्रियाचा. पण जिंकणाऱ्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ४,८०० आणि हरणाऱ्यांचे सुमारे १,३००. असे विजय कुठल्याही सेनेला परवडत नाहीत. सहा दिवसांनी सादोवाला, म्हणजेच क्योनिगग्रेट्सला, हेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसलं. ऑस्ट्रियाच्या तोफा प्रशियाच्या तोफांपेक्षा सरस होत्या आणि दिवसाचा बराच भाग त्यांनी प्रशियनांना रोखूनही धरलं. पण श्वीब जंगलात ऑस्ट्रियाच्या पलटणींमागून पलटणी झाडांमध्ये दाटीवाटीने शिरल्या आणि प्रशियाच्या फ्रान्सेकीच्या डिव्हिजनने त्यांना पन्नास-शंभर पावलांवरून कापून काढलं. तिथे ६०० मीटर आणि ९०० मीटर यात फरक तो काय? दिवसअखेर ऑस्ट्रिया आणि सॅक्सनी मिळून मेलेले, जखमी आणि कैदी ४० हजारांच्या वर, प्रशियाचे ९ हजारांच्या आसपास. एवढ्यावरून ‘सुईच्या बंदुकीने युद्ध जिंकलं’ असं म्हणणंही घाईचं होईल. प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याने रेल्वेने फौजा वेगवेगळ्या वाटांनी आणून नेमक्या मैदानावर गाठ घातली नसती, तर ऑस्ट्रियाच्या उजव्या बगलेवर प्रशियाच्या युवराजाची फौज दुपारी पोचलीच नसती. रायफलीने तोपर्यंत वेळ काढला आणि माणसं वाचवली.

मधली पंचवीस वर्षं बाकीच्या देशांनी ड्रायझे का उचलली नाही, याचं उत्तर बहुतेक सेनाधिकाऱ्यांच्या एकाच भीतीत आहे: शिपाई काडतुसं उधळेल. ही भीती पुढे अर्धशतक टिकली. ब्रिटिशांच्या सुरुवातीच्या ली-एनफिल्डमध्ये (आपली थ्री-नॉट-थ्री याच घराण्यातली) मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, वर एक पत्र्याचा अडसर असायचा, कटऑफ. तो आत ढकलला की मॅगझिनमधली काडतुसं राखीव राहतात आणि शिपायाने एकेक काडतूस हाताने भरत बसायचं. मॅगझिन द्यायचं आणि त्यावर झाकणही ठेवायचं! कुठल्याही जुन्या रायफलीत हा अडसर दिसला की मला त्या काळचा एखादा हिशेबी क्वार्टरमास्टर दिसतो.

सादोवानंतर मात्र पळापळ झाली. फ्रान्सने त्याच वर्षी आन्त्वान शास्पोची रायफल स्वीकारली, मॉडेल १८६६. तत्त्व ड्रायझेचंच, पण दोन सुधारणा मर्मावर. पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाला नेला, त्यामुळे सुई आखूड झाली आणि दारूत जळायची थांबली. दुसरी सुधारणा म्हणजे बोल्टच्या डोक्यामागे रबराचं जाड कडं. बार उडाला की गॅस बोल्टचं डोकं मागे दाबतो, रबर चेपलं जाऊन बाजूंना फुगतं आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या खोलीच्या, भिंतीला चिकटतं. जितका दाब जास्त तितकं तोंड घट्ट, थेट कुकरच्या रिंगसारखं. आणि कुकरच्या रिंगचीच दुखणी: थंडीत कडक होते, उष्णतेने करपते, चिरते, मग बदलावी लागते.

पण ते टिकेपर्यंत फरक प्रचंड होता. ११ मिलिमीटरची, २५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या वर वेगाने निघायची आणि साइट १,२०० मीटरपर्यंत कोरलेली. गोळी बारीक आणि वेगवान, त्यामुळे तिचा मार्ग सपाट, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालायचा. काडतूस हलकं, म्हणून शिपाई जास्त बाळगू शकायचा. दोष होते ते मुख्यतः काडतुसाचे. कागद आणि त्यावरचं पातळ रेशमी आवरण पूर्ण जळत नसे; चेंबरमध्ये राख साचायची आणि बऱ्याच बारांनंतर पुढचं काडतूस आत जाईना. १८६७ मध्ये रोमजवळ मेंताना इथे गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांवर ती पहिल्यांदा चालली. शास्पोने चमत्कार केला, असा संदेश जनरल द फाइयीने पाठवला आणि युरोपभर तो वाक्यासकट गाजला, कौतुकाने कमी आणि संतापाने जास्त.

१८७० मध्ये रायफल विरुद्ध रायफल एवढाच सामना पाहिला तर फ्रेंच सरळ जिंकतात. १८ ऑगस्टला ग्राव्हलोत–सें-प्रिव्हाच्या लढाईत प्रशियाचा गार्ड कोअर उघड्या उतारावरून सें-प्रिव्हा गावाकडे निघाला. फ्रेंच वर, आडोशाला, शास्पो घेऊन. ड्रायझेच्या पल्ल्यात पोचायच्या आधीच गार्डवाल्यांना पाचसहाशे मीटर नुसता मार खात चालायचं होतं. काही तासांत कोअरचे आठ हजारांवर लोक पडले. चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाला जे भोगावं लागलं तेच आता प्रशियाच्या सर्वोत्तम पायदळाने भोगलं, आणि तेही डोळे उघडे ठेवून.

मग हरले का? एक, क्रुपच्या पोलादी, मागून भरायच्या तोफा. प्रशियाने सादोवाच्या तोफखान्याची नामुष्की मनाला लावून घेतली होती. फ्रेंच तोफा ब्राँझच्या, तोंडातून भरायच्या, त्यांचे गोळे ठरलेल्या अंतरांवरच फुटणारे. प्रशियाचे गोळे आपटताच फुटायचे. शास्पोच्या पल्ल्याबाहेर तोफा मांडून, आडोशाला बसलेल्या शास्पोवाल्यांनाच भाजून काढायचं, हा खेळ सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी सेदाँला शेवटापर्यंत खेळला गेला. दोन, चांगल्या रायफलीने फ्रेंच सेनापतींना एक वाईट सवय लावली. चांगली जागा धरा, तिथे बसा आणि शत्रूला येऊ द्या. रायफल बचावाला इतकी उत्तम होती की चढाई करायची संधी समोर असूनही ते जागा सोडेनात, आणि जर्मन त्यांना बगलेने वळसा घालत राहिले. तीन, १,२०० मीटरची साइट दिसली की शिपाई १,२०० मीटरवर गोळ्या झाडतो. त्या अंतरावर माणूस म्हणजे ठिपका; काडतुसं मात्र खरी संपतात. लांबचा पल्ला वापरायचा तर अधिकाऱ्याच्या हुकमावर, ठरलेल्या साइटवर, सगळ्या तुकडीने एकत्र. एकट्या शिपायाच्या मर्जीवर सोडला तर तो उधळपट्टीच. त्या हिशेबी क्वार्टरमास्टरची भीती अगदीच निराधार नव्हती, एवढं मानायला हवं.

प्रशिया आपल्या ड्रायझेलाही रबराची सीलबंदी बसवायला निघाला होता, पण काम सुरू होतंय तोवर युद्ध आलं. युद्धानंतर सुई, कागद आणि रबर हे सगळंच निकालात निघालं, कारण गळतीचं खरं उत्तर बोल्टमध्ये नव्हतंच. ते काडतुसात होतं. पितळेची टोपण, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, बार उडताना फुगते, चेंबरला चिकटून गॅस अडवते आणि दाब उतरला की किंचित आकसून मोकळी होते. म्हणजे दर बाराला नवंकोरं सील, आणि वापरलेलं सील बाहेर फेकून द्यायचं. बोल्टवर आता गॅस रोखायची जबाबदारी उरली नाही, फक्त टोपणीला मागून टेका द्यायची आणि नंतर ती ओढून काढायची. इथून बोल्ट-ॲक्शन वयात आली असं मी मानतो.

ओबर्नडॉर्फच्या माउझर बंधूंची १८७१ ची रायफल ही या वळणावरची पहिली मोठी रायफल. ११ मिलिमीटर, काळी दारू, एका वेळी एकच काडतूस. पण दांडी उचलली की आतल्या तिरप्या खाचेवरून फायरिंग पिन आपोआप मागे जाऊन ताणली जाते, ड्रायझेची ती दोन जास्तीची कामं गेली. मागे उभा सेफ्टीचा पंख, जो पुढची पाऊणशे वर्षं माउझरची खूण बनून राहिला. गंमत म्हणजे टोपण चेंबरमधून खेचून काढायची सोय तिच्यात होती, पण बाहेर उडवायची नव्हती. बोल्ट मागे घेतला की टोपण खोबणीतच पडून राहायची. शिपाई रायफल मनगटाने आडवी कलती करून ती झटकून टाकायचा. फ्रान्सने शास्पोलाच धातूच्या काडतुसाची केली, ती १८७४ ची ग्रा. जर्मनांनी युद्धात जिंकलेल्या हजारो शास्पोही पुढे माउझरच्या काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या. हत्यार चांगलं असलं की त्याला देश नसतो.

टोपणीवर सगळी भिस्त ठेवली की आर्मररच्या कामाचं केंद्रही बदलतं. बोल्टचं तोंड आणि चेंबर यांच्यात काडतुसाला किती जागा मिळते, म्हणजे हेडस्पेस, हे पहिलं मोजायचं. थ्री-नॉट-थ्रीत ही जागा काडतुसाच्या कडेवर मोजतात: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि ०.०७४ च्या गेजवर बंद होता कामा नये. फरक फक्त दहा सहस्रांश इंचाचा, पण त्यापलीकडे गेलेली रायफल टोपण ताणते. चालवलेल्या टोपणी हातात घेतल्या की बुडापासून बोटभर वर एक चकचकीत रेघ दिसते, सभोवार. ती टोपण तुटायच्या बेतात होती. पुढच्या एखाद्या बाराला बूड बाहेर येतं, पुढचा अर्धा चेंबरमध्ये अडकतो, आणि फटीतून गॅस निसटतो. म्हणजे पुन्हा ड्रायझेच्याच जागी. फरक एवढाच की आता दाब कितीतरी जास्त असतो.

दाब वाढला तो पोल व्हिएयच्या धुररहित दारूने. १८८४ मध्ये त्याने ती तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रान्सने तिच्याभोवती ८ मिलिमीटरची लेबेल घाईघाईने उभी केली. गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या वर गेला आणि गोळीबाराची जागा सांगणारा पांढरा ढग नाहीसा झाला. त्या एका घावात जगातल्या सगळ्या सेनांच्या रायफली जुन्या झाल्या. रायफल म्हणून लेबेल मला कधीच आवडली नाही. नळीखालच्या लांब पोकळीत आठ काडतुसं एकामागे एक, एकेक करून भरायची, आणि ती संपत गेली की रायफलीचा तोल बदलत जातो. ही नळीची रचना स्विस फेटर्लीत १८६९ पासूनच होती. फ्रान्सने नव्या दारूच्या पोटी जुनं मॅगझिन बांधलं. योग्य उत्तर दुसऱ्यांकडे होतं: ऑस्ट्रियाच्या मानलिखरची क्लिप, माउझरची पट्टीने वरून पाच काडतुसं एका दाबात भरायची सोय, आणि जेम्स पॅरिस ली या जन्माने स्कॉटिश माणसाने १८७९ मध्ये पेटंट घेतलेली बोल्टखालची पेटी.

ब्रिटन या सगळ्या धावपळीत दोन दशकं बोल्टपासून दूर राहिला. आधी स्नायडर, मग मार्टिनी-हेन्री. दोन्ही मागून भरायच्या, पण बोल्टच्या नव्हेत. आणि इथे आपला संबंध येतो. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं हे धोरणच होतं. १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदला ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर. १८८८ मध्ये गोऱ्यांना बोल्टची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे मार्टिनी आली. १८९७ च्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेतही हेच होतं, आणि समोरच्या काही आफ्रिदींकडे मात्र चोरलेल्या ली-मेटफर्ड! १९१४ मध्ये हिंदी कोअर मार्सेयला उतरली तेव्हा कुठे तिच्या हातात गोऱ्या फौजेच्या बरोबरीच्या रायफली आणि काडतुसं पडली.

ली-मेटफर्डची कथाही दारूनेच वळवली. तिच्या नळीतल्या खाचा मेटफर्डने उथळ आणि गोलसर केल्या होत्या, काळ्या दारूचं मीठ साचू नये म्हणून. मग १८९१ मध्ये कॉर्डाइट, म्हणजे ब्रिटिशांची धुररहित दारू, आलं, जास्त तापणारं, आणि त्या उथळ खाचा भराभर खाऊ लागलं. म्हणून एनफिल्डच्या खोल, चौकोनी काठांच्या खाचा आल्या आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड हे नाव पडलं. कॉर्डाइट म्हणजे बारीक शेवयांची जुडी. ती टोपणीत आधी घालायची आणि मगच टोपणीची मान आवळायची. जुनं काडतूस उघडलं की जुडी त्या मानेतून बाहेर निघत नाही ती यामुळे. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याने, जो १८६९ चा, ही काडतुसं पिढ्यान्‌पिढ्या बनवली. बुडावर ‘के एफ’ ठसा असलेली टोपण आमच्या पिढीच्या प्रत्येक फायरिंग रेंजवर मातीत सापडायची.

माउझर चांगली की ली, हा वाद मला नेहमी विचारला जातो. १८९८ च्या माउझरचे कुलपाचे दोन खांदे बोल्टच्या पुढच्या टोकाला आहेत, अगदी काडतुसामागे, आणि मागे एक तिसरा राखीव. शिवाय टोपी फुटून गॅस मागे आलाच तर तो डोळ्याकडे न जाता बाजूला जावा म्हणून बोल्टला भोकं आहेत. ड्रायझेचा प्रश्न माउझरने सत्तावन्न वर्षांनी असा पूर्ण सोडवला. लीचे खांदे मागे आहेत. दाबाखाली बोल्ट थोडा चेपला जातो, बारीक नेमात त्याचा फरक पडतो आणि टोपणही जास्त ताणली जाते. पण त्याच मांडणीमुळे बोल्टची ये-जा आखूड आणि गुळगुळीत आहे, दांडी चापाजवळ येते, आणि दहा काडतुसं आहेत. ब्रिटिश पायदळाचा पहिल्या महायुद्धाआधीचा कस मिनिटाला १५ नेमके बार, ३०० यार्डांवर, असा होता आणि तो साधारण शिपाई लीवर पार करायचा. लक्ष्यावर गट बारीक हवा असेल तर मी माउझर घेईन. चिखलात, घाईत, बोटं गारठलेली असताना ली.

आपल्या पोलिसांकडची थ्री-नॉट-थ्री ही बहुतेक करून १९०७ च्या आखूड ली-एनफिल्डचीच, बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेली बहीण. पोलिसांकडची .४१० मस्केट हीसुद्धा तीच रायफल, नळी बदलून एकाच काडतुसाची केलेली. २००८ मध्ये सीएसटी स्थानकावर स्वयंचलित शस्त्रांसमोर या रायफली उभ्या राहिल्या, तेव्हा लोकांनी त्यांची टर उडवली. रायफल तिच्या कामाला चोखच होती. तिचं काम तीस-चाळीस वर्षांपूर्वीच बदललं होतं आणि खरेदीच्या फायलींना ते उमगलं नव्हतं.

आणि एक. थ्री-नॉट-थ्री लष्करी बोअरची म्हणून सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, त्याला मिळते .३१५, इशापूरचीच, लीच्याच बोल्टची. तिचं काडतूस म्हणजे मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखरचं ८ मिलिमीटरचं लष्करी काडतूस. तेव्हा पिकाची राखण करायला परवान्याची .३१५ घेतलेला शेतकरी तुमच्या ओळखीत असेल, तर सादोवाला हरलेल्या सेनेने नंतर जे काडतूस उचललं त्याचीच पेटी त्याच्या कपाटात आहे. त्याला एकदा विचारून पाहा, बोल्ट बंद करताना शेवटच्या इंचाला जोर लागतो का. लीचा स्प्रिंग तेव्हा ताणला जातो, म्हणून थोडा लागणारच. पण दणका द्यावा लागत असेल तर रायफल परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेऊन हेडस्पेस मोजून घ्या आणि तोपर्यंत तिच्यात काडतूस भरू नका.